काठातलं नाव

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात मी माझ्या कामासाठी, म्हणजे ब्रँडची स्ट्रॅटेजी ठरवायला, गेले होते. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत मागांचा खडखडाट. ऑफिसची काच बंद केली तरी टेबलावरचा चहाचा कप बारीक थरथरत होता. टेबलावर एक चादर उलगडून ठेवलेली होती: लाल-पिवळी, मधे मोर, चारी बाजूंनी जाड काठ. मालकांचा मुलगा पुण्यात एमबीए करून परतलेला. त्याने चादरीचा कोपरा माझ्याकडे सरकवला आणि काठात विणलेल्या त्यांच्या आडनावावर बोट ठेवलं. "मॅडम, सगळ्यात आधी हे नाव काढायचंय." नव्या नावांची यादी त्याच्या लॅपटॉपमध्ये तयारच होती. सगळी दोन अक्षरी, गुळगुळीत, ऐकून वाटावं की कारखाना स्वीडनमध्ये आहे. वडील शेजारच्या खुर्चीत बसून बिलं तपासत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. आडनाव त्यांचं होतं, त्यांच्या वडिलांचंही होतं. त्यांना लागलं असेल, निदान चेहऱ्यावर काहीतरी उमटेल, असं मला वाटत होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मग पत्ते नवे मारावे लागतील. त्याचा खर्च धरलाय का तुम्ही?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रिक्षात बसले तरी तेच, घरी अम्माने ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली तरी तेच. माणसाला आपल्या नावाची किंमत विचारावी आणि त्याने मागावर नक्षी काढणाऱ्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची सांगावी? माझ्या धंद्यात नावाभोवती केवढे सोहळे असतात! नावासाठी कार्यशाळा होतात, त्या कार्यशाळांसाठी लोक लोणावळ्याला जातात.

पण तो प्रश्न मला ओळखीचाही वाटला, कारण असाच प्रश्न माझ्या वडिलांनी विचारला असता. नान्ना जॉबर होते. ज्यांनी माग चालताना बघितलेला नाही त्यांना जॉबर म्हणजे काय ते कळणार नाही. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. आमचं घर पूर्व भागात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारच्या अक्कांशी कन्नड आणि गल्लीतल्या भांडणात दखनी, हे सगळं आम्ही एकाच दिवसात बोलत असू आणि त्यात काही विशेष आहे हे पुण्याला जाईपर्यंत कळलंही नव्हतं. अम्मा बिड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली पानं, संध्याकाळपर्यंत हजाराचा हिशेब पुरा करायची घाई. घरभर तंबाखूचा तो कोरडा, घशात बसणारा वास. नान्ना कामावरून यायचे ते केसांत, भुवयांत पांढरं सूत घेऊन. आमच्या घरातल्या चादरी म्हणजे विणताना खोट राहिल्यामुळे कारखान्यातून स्वस्तात मिळालेल्या. एकीचा मोर बिनतुऱ्याचा, दुसरीच्या काठात रंग उडी मारून गेलेला. सोलापुरी चादरीला उलटी बाजू असते आणि ती फार मजेची असते: इकडे जिथे लाल, तिकडे तिथे पिवळा, आणि काठातलं नाव आरशात बघितल्यासारखं. उन्हाळ्यात गच्चीवर आम्ही चादर उलटी अंथरायचो, सुलटी मळू नये म्हणून. त्यामुळे कित्येक कारखानदारांची नावं मी आधी उलटी वाचायला शिकले.

नान्नांनी एकदा मला जॅकार्ड दाखवायला नेलं होतं. मागाच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा आणि त्यावरून खाली येणारी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. जिथे भोक तिथे धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो. एक पत्ता, एक ओळ. मोराचा डोळासुद्धा असाच, ओळीओळीने तयार होतो. मी विचारलं, नाव कुठे आहे? त्यांनी माळेतले काही पत्ते बोटाने मोजून दाखवले. "इथून इथपर्यंत मालक." बस, एवढंच. जॉबरच्या लेखी मोर आणि मालक यांच्यात काही फरक नव्हता. दोघांनाही पत्ते लागत आणि दोघांचेही पत्ते फाटत.

मी या धंद्यात कशी आले हे मला हल्ली कॉलेजची मुलं विचारतात. त्यांना सरळ रस्ता हवा असतो आणि माझ्याकडे तो नाही. बी.कॉम. झाल्यावर एका स्थानिक दैनिकाच्या जाहिरात विभागात लागले. काम काय, तर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करायच्या. नेत्याचा फोटो मोठा, त्याच्यावर त्याच्या नेत्याचा थोडा लहान, खाली शुभेच्छुकांची रांग. मजकूर कोणी वाचत नसे, पैसे देणारासुद्धा नाही. भांडण व्हायचं ते कोणाचा फोटो कोणाच्या शेजारी आला यावरून. एका कार्यकर्त्याने तर स्केलपट्टी आणून फोटो मोजले होते. पुढे मुंबईत मोठमोठ्या लोकांकडून ब्रँडचं स्थान, कोणाच्या तुलनेत आपण कुठे उभे, यावर खूप ऐकलं. अल रीज आणि जॅक ट्राउट या अमेरिकन जाहिरातवाल्यांनी 1972 मध्ये पोझिशनिंगवर लेखमाला लिहून सगळ्या जाहिरातविश्वाला तो शब्द दिला, हेही तिथेच कळलं. ऐकताना मला दर वेळी तो स्केलपट्टीवाला आठवायचा.

नंतर पुण्यातली एक लहान एजन्सी. क्लायंट सर्व्हिसिंग. म्हणजे क्लायंटचा राग आर्ट डिपार्टमेंटपर्यंत पोचवायचा आणि आर्ट डिपार्टमेंटचा राग क्लायंटपर्यंत पोचू द्यायचा नाही. सुट्टी संपवून सोलापूरहून परतायचं ते पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने. डबा उघडला की डब्यात शेंगाच्या चटणीचा वास आणि समोरच्या बाकावर हमखास ओळखीचं कोणीतरी. "काय करलालीस गं सध्या?" या प्रश्नाला द्यायचं उत्तर मला तेव्हाही नीट येत नव्हतं. अम्माने तिचं उत्तर पुढे तयार केलं. शेजारणीला सांगायची, "ती कंपनीवाल्यांना सांगते, माल कसा खपवायचा ते." शेजारीण म्हणाली, "म्हणजे सेल्समन." अम्मा म्हणाली, "नाही. सेल्समन विकून देतो. ही नुसतं सांगते."

यापेक्षा नेमकी व्याख्या मला आजवर मिळालेली नाही.

मुंबईत मी ज्या खात्यात पोचले त्याला प्लॅनिंग म्हणतात. त्याचा उगम लंडनमधला. 1968 च्या सुमारास दोन एजन्सींमध्ये, जे. वॉल्टर थॉम्प्सनमध्ये स्टीफन किंग आणि बीएमपीमध्ये स्टॅन्ली पॉलिट या दोघांनी आपापल्या परीने ही कल्पना मांडली की, जाहिरात बनवणाऱ्यांच्या खोलीत वस्तू विकत घेणाऱ्याची बाजू मांडणारं कोणीतरी असायला हवं. क्लायंटची बाजू मांडायला क्लायंट असतो, कल्पनेची बाजू मांडायला क्रिएटिव्हवाले असतात, गिऱ्हाईक मात्र खोलीबाहेर. मला ही कल्पना ऐकताक्षणी आवडली. प्रत्यक्षात खोलीतले बहुतेकजण अहमदाबादच्या मायका या जाहिरात-मार्केटिंग शिकवणाऱ्या संस्थेतून किंवा कुठल्यातरी आयआयएममधून आलेले, आणि गिऱ्हाइकाबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात एक प्रकारचं कुतूहल असायचं, परगावच्या नातेवाइकाबद्दल असतं तसं. ज्या बाईबद्दल ते बोलत होते ती अम्मा होती. मी कधी बोलले, कधी गप्प बसले. सुरुवातीला जास्त गप्पच, कारण माझ्या इंग्रजीत सोलापूर ऐकू यायचं.

तरी काम आवडलं, ते फिरण्यामुळे. एका मसाला कंपनीसाठी आम्ही लातूर, उमरगा, तुळजापूर या बाजूला घरोघर गेलो होतो. पाकिटाच्या नव्या रूपावर चर्चा चालू होती. कंपनीकडे लाल रंगाच्या पाच छटा छापून तयार होत्या. प्रत्येक स्वयंपाकघरात मी म्हणायचे, मावशी, मसाला दाखवा ना. आणि प्रत्येक ठिकाणी स्टीलचा डबा पुढे यायचा. पाकीट आणल्या दिवशीच फोडलेलं, मसाला डब्यात ओतलेला, पाकीट चुलीत किंवा कचऱ्यात. डब्यावर कोणाच्या तरी लग्नात आहेर केलेल्या पाहुण्यांचं नाव कोरलेलं. म्हणजे रोज दोन वेळा जे नाव त्या बाईच्या डोळ्यांसमोर येतं ते कंपनीचं नाहीच, मावसभावाचं आहे. मग ती दुकानात जाऊन काय म्हणते? एकजण म्हणाली, "ते घाटावरची बाई असलेलं द्या म्हणते." नाव माहीत नाही, रंग सांगता येत नाही, चित्रातली बाई आठवते. आणि नव्या पाकिटावरून काढून टाकायच्या गोष्टींच्या यादीत ती बाई पहिल्या क्रमांकावर होती.

ती राहिली. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला खरा अभिमान वाटावा अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक. आणि गंमत म्हणजे त्यात मी नवीन काहीच केलेलं नाही.

या धंद्याकडे बघण्याची माझी नजर त्यानंतर बदलली. बाहेरच्यांना वाटतं स्ट्रॅटेजिस्ट म्हणजे काहीतरी नवं सुचवणारा. नवं सुचवणं आता तर फारच स्वस्त झालंय. त्या मुलाच्या लॅपटॉपमधली नावांची यादी यंत्राने मिनिटभरात काढून दिली होती, आणि खोटं कशाला बोलू, यादी वाईट नव्हती. अवघड असतं ते लोकांच्या डोक्यात आधीच काय जाऊन बसलंय ते शोधणं आणि त्याला हात लावू न देणं. ट्रॉपिकानाची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. 2009 मध्ये त्यांनी अमेरिकेत संत्र्यात खुपसलेल्या स्ट्रॉचं जुनं चित्र काढून टाकलं आणि रसाने भरलेल्या ग्लासाचं नवं, देखणं खोकं आणलं. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुनं खोकं परत आणलं. रस तोच होता. लोकांना फडताळावर तो सापडेना. ऑस्ट्रेलियातले मार्केटिंगचे अभ्यासक बायरन शार्प आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हेच सांगतायत की, ब्रँडवर कोणी प्रेमबिम फारसं करत नाही, वेळेला आठवला आणि नजरेला पडला तरी पुष्कळ. 'प्रेमाचं सोडा' हे एजन्सीत बोलायला बरं वाटत नाही, कारण आमची अर्धी डेक, म्हणजे क्लायंटला दाखवायच्या स्लाइड्स, प्रेमावर असते.

कोविडनंतर मी सोलापूरला परतले. नान्ना गेले होते, अम्मा एकटी होती, आणि काम ऑनलाइन चालतं हे मुंबईला पटलं होतं. नळाला पाणी कधी येतं ते बघून मीटिंगच्या वेळा ठरवायला शिकले. आणि मग हळूहळू गावातले लोक यायला लागले: टॉवेलवाले, युनिफॉर्मवाले, चटणीवाले. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट मला सारखी टोचायला लागली. या गावाने नेहमी दुसऱ्यांच्या नावाचा माल केला. टेरी टॉवेल इथे विणले जातात आणि परदेशी दुकानांची लेबलं लावून बंदरावर जातात. युनिफॉर्म इथे शिवले जातात, खिशावर देशभरातल्या शाळांची नावं. आणि ज्या एका वस्तूवर गावाचं नाव आहे, त्या चादरीचं काय, तर कुठल्याही तालुक्याच्या मंगल कार्यालयात 'सोलापुरी चादर महासेल' लागलेला असतो आणि तिथल्या चादरी हातात घेतल्या की कळतं, यांनी सोलापूर स्टेशनसुद्धा बघितलेलं नाही. वजनाला हलक्या, रंग छापलेला, आणि उलटी बाजू बघावी तर कोरी. चाटी गल्लीतले दुकानदार गिऱ्हाइकाला आधी चादर उलटी करून दाखवतात ते याचसाठी.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. कायदा 1999 चा, 2003 पासून लागू. मी तो वाचला तेव्हा माझ्यातली मुंबईतली बाई जरा गडबडली. त्या कायद्यानुसार हे नाव विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, परवान्यावर दुसऱ्याला देता येत नाही. कोणा एकाचं ते होतच नाही. ठरलेल्या भागातला, ठरलेल्या पद्धतीने माल करणारा कोणीही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून ते वापरू शकतो. माझ्या सगळ्या शिक्षणाच्या विरुद्ध हे! आमच्याकडे ब्रँडची किंमत काढतात ती उद्या तो विकला तर काय येईल यावरून. जे विकताच येत नाही त्याची किंमत कोण काढणार? आणि किंमत नाही म्हणून बजेट नाही, बजेट नाही म्हणून ब्रीफ, म्हणजे एजन्सीला दिलेलं काम, नाही, ब्रीफ नाही म्हणून एवढ्या वर्षांत कुठल्याही एजन्सीच्या खोलीत सोलापूर हे नाव ब्रँड म्हणून कोणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. मालकी सगळ्यांची आणि राखण कोणाचीच नाही. कोल्हापुरी चपलेचं बघा. 2019 मध्ये तिला मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्या आठांत सोलापूर जिल्हा आहे. म्हणजे आमच्या जिल्ह्यात शिवलेली चप्पल कायद्याने कोल्हापुरी. याबद्दल मला कधी कधी उगीच राग येतो, आणि मग वाटतं, यात वाईट काय? 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तसल्या चपला दाखवल्या आणि नाव घेतलं नाही, तेव्हा आठही जिल्ह्यांतल्या माणसांना बोलायला एक नाव होतं. आरडाओरडा झाला आणि कंपनीला मान्य करावं लागलं. नाव सामायिक असण्याचा तोही एक उपयोग.

पुन्हा त्या कारखान्यात गेले तेव्हा मुलाने मला त्याची बाजू नीट सांगितली, आणि ती पोकळ नव्हती. पुण्यातल्या वन बीएचकेत एवढी जाड चादर वाळत घालायला जागा नाही. लहान वॉशिंग मशीनमध्ये ती ओली झाली की ड्रम हलत नाही. त्याच्या वयाची मुलं ही चादर आजीकडे सुट्टीत पांघरतात, विकत घेत नाहीत. आणि आमचं आडनाव, तो म्हणाला, गावाबाहेर कोणाला उच्चारता येत नाही. यातल्या कशालाही माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी विचारलं, गावाबाहेरचं गिऱ्हाईक तुमचं नाव सांगून मागतं का? त्याने वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "पंढरपूरचे, अक्कलकोटचे दुकानदार मागतात. गिऱ्हाईक 'सोलापुरी द्या' म्हणतं आणि कोपरा बघतं." कोपऱ्यात काय लिहिलंय हे बघतं का? "वाचत नाही. विणलेलं आहे का, ते बघतं."

ते ऐकून मी वहीत जेवढं लिहून ठेवलं, तेवढं पूर्ण दिवसाच्या कार्यशाळेत लिहीत नाही. नाव वाचण्यासाठी नव्हतंच. ते तिथे विणलेलं आहे हीच खूण होती, कारण छापणाऱ्याला ते जमत नाही. दुसरं नाव विणायचं तर पत्त्यांपासून सुरुवात करावी लागते. वडिलांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यांनी ते खर्चाच्या भाषेत सांगितलं होतं. भावनेच्या भाषेत सांगितलं असतं तर मी कदाचित वहीत टिपून पुढे गेले असते, कारण भावनेवर बोलायची आम्हाला सवय आहे.

मी जे मांडलं ते फार चमकदार नव्हतं. जाड चादर आहे तशी, काठातल्या नावासकट. हलक्या, धुवायला सोप्या पांघरुणांची वेगळी मालिका काढायची तर तिला हवं ते स्वीडिश नाव द्या, पण तेही काठात विणा, छापू नका. दोन्हींवर सोलापूर ठळक. आणि अधिकृत वापरकर्त्याची नोंदणी आधी. ती या कारखान्याने आजवर केलेलीच नव्हती. मुलाला निम्मं पटलं. स्वीडिश नावांतलं एक त्याने तिथल्या तिथे पक्कं केलं आणि मला ते आवडलेलं नाही हे अजून सांगितलेलं नाही. वडिलांनी माझी फी विचारली, मग ती वेगवेगळ्या आकड्यांनी पुन्हा पुन्हा विचारली.

मग त्यांनीच सुचवलं की, नोंदणीचं आणि त्या महासेलवाल्यांचं काम एकट्याने करण्यात अर्थ नाही, आणखी चारजणांना बोलवू. चौघंही तयार आहेत. दोघं एकमेकांचे साडू आहेत आणि पूर्वीच्या कुठल्याशा सुताच्या व्यवहारावरून त्यांचं बोलणं बंद आहे. तिसऱ्याचं म्हणणं की त्याच्या आजोबांचा माग या सगळ्यांच्या आधीचा, तर अजेंड्यावर त्याचं नाव वर हवं. बैठक कोणाच्या कारखान्यात घ्यायची यावर सध्या गाडी अडलेली आहे. मी मंगल कार्यालय सुचवलंय. भाडं कोण देणार, असं आतापर्यंत तिघांनी विचारून झालं.